सहावीच्या मुलाचा गृहपाठ आईच्या फोनवर नको

प्रति,
मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका, ठाणे.



मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्गाशी संपर्क ठेवायला व्हॉट्सॲपच्या ग्रुपखेरीज शिक्षकांच्या हाती फारसे काही नव्हते. त्या ग्रुपनी त्या काळात मोठे काम केले. ज्यांच्या घरी फोन होता त्यांची शाळा निदान तुटली नाही. पुढे शाळा भरल्या, फळ्यावर पुन्हा खडू चालू लागला, पण ग्रुप राहिले. आज कळव्यात खारीगावापासून विटाव्यापर्यंत सहावी-सातवीतल्या कुठल्याही मुलाच्या आईचा फोन संध्याकाळी पाहिला, तर त्यात उद्याचा गृहपाठ, वहीत उतरवायचे प्रश्न, प्रकल्पासाठी आणायचा कार्डपेपर, पीटीच्या गणवेशाचा वार, असे निरोप एकाखाली एक दिसतात. बारा वर्षांच्या मुलाने जे स्वतः ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि लक्षात ठेवायचे, ते त्याच्या आईला सांगितले जाते. आईला जे खरोखर कळायला हवे, ते मात्र या निरोपांमध्ये शोधूनही सापडत नाही. माझे म्हणणे असे आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलाचे रोजचे काम मुलालाच सांगितले जावे, आणि पालकांकडे जाणारी माहिती वेगळी, मोजकी आणि त्यांच्या हक्काची असावी. ठाणे महापालिकेने आपल्या शाळांपासून याची सुरुवात करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

याच तीन इयत्तांचा आग्रह का, ते आधी सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या भाषेत हे उच्च प्राथमिकचे वर्ग. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने जी 5+3+3+4 अशी रचना मांडली तिच्यातला हा मधला टप्पा. मूल अकरा वर्षांचे होऊन इथे येते आणि चौदाव्या वर्षी इथून बाहेर पडते. पहिलीपासून बहुतेक सारे विषय एकच बाई शिकवत असतात. इथे विषयागणिक शिक्षक बदलू लागतात. गणिताच्या सरांचा गृहपाठ इंग्रजीच्या बाईंना ठाऊक नसतो, आणि कुणाचे काय, कधी द्यायचे याचा मेळ घालण्याचे काम पहिल्यांदाच मुलाच्या अंगावर येते. हा मेळ घालायला शिकणे हा या वयाच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, पुस्तकात त्याचा धडा नसला तरी. नववीत विषय अवघड होतात आणि दहावीला बोर्डाची परीक्षा असते. तोवर ही सवय लागलेली नसेल, तर तेव्हा ती लावायला कुणाला वेळ नसतो. सहावी-सातवीत चुका स्वस्त पडतात. वही विसरली तर एक दिवस बोलणी बसतात, एवढेच.

आता कळव्यातल्या मुलाचा दिवस बघा. कळवा हे कामाला बाहेर जाणाऱ्यांचे उपनगर आहे. सकाळच्या धिम्या लोकलला इथे पाऊल ठेवायलाही जागा मिळत नाही, म्हणून कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत तिथेच जाऊन चढणारे कळवेकर साऱ्या मध्य रेल्वेला माहीत आहेत. आईवडील दोघेही कामाला असतील तर सकाळी सात-आठला घर रिकामे होते आणि रात्री आठच्या आसपास भरते. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले, पण त्यावरच्या वर्गांना तो लागू नाही. दोन पाळ्यांच्या शाळांत म्हणूनच मोठी मुले सकाळीच शाळेत जातात आणि दुपारी घरी येतात. पारसिक डोंगराच्या उतारावरच्या वस्त्यांत, घोलाईनगरात, भास्करनगरात, वाघोबानगरात ही मुले कुलूप उघडतात, भात गरम करतात, पाणी आले की भरून ठेवतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळतात. पावसाळ्यात दरडीची भीती असते तेव्हा कधी घराबाहेर पडायचे हेही त्यांना समजते. म्हणजे घर चालवण्यात या मुलांवर आपण मोठ्या माणसाइतका विश्वास टाकतो, आणि उद्या भूगोलाची वही न्यायची आहे एवढे लक्षात ठेवण्यात मात्र शून्य विश्वास. या विसंगतीचे मला खरोखर वाईट वाटते, कारण विश्वासाला पात्र असल्याचे त्या मुलांनी रोज सिद्ध केलेले असते.

पालकांनी अभ्यासात लक्ष घातले की मुले पुढे जातात, असे आपण सरसकट म्हणतो. ते खरे आहे, पण कुठल्या प्रकारचे लक्ष, यावर सगळे अवलंबून आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या दोन संशोधकांनी 2009 मध्ये अमेरिकेत नेमक्या याच वयोगटाबद्दलचे 50 अभ्यास एकत्र करून तपासले. सर्वांत चांगला संबंध दिसला तो शिक्षणाविषयीच्या बोलण्याशी: शिकण्याचे मोल घरात सांगणे, पुढे काय व्हायचे याची चर्चा, आज शिकतो ते उद्या कुठे लागते हे जोडून दाखवणे, अभ्यास कसा आखायचा यावर बोलणे. शाळेच्या कार्यक्रमांना जाण्याचाही थोडा उपयोग दिसला. गृहपाठात मदत करण्याचा संबंध मात्र उलटा निघाला. जिथे ती जास्त, तिथे यश कमी. यावर एक न्याय्य शंका आहे. मागे पडलेल्या मुलालाच घरी जास्त मदत मिळते, मग मदतीमुळे ते मागे पडले असे कसे म्हणायचे? तसे म्हणता येत नाही, आणि तेवढ्यावर मी विसंबतही नाही. पण त्याच्याही वीस वर्षे आधी, 1989 मध्ये, वेंडी ग्रोलनिक आणि रिचर्ड रायन यांनी तिसरी ते सहावीच्या मुलांच्या पालकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. जे पालक मुलाला स्वतः ठरवू देत, त्याचे म्हणणे ऐकून घेत, त्यांची मुले स्वतःहून अभ्यासाला बसण्यात आणि वर्गातल्या कामगिरीतही सरस दिसली. दोन्ही अभ्यास परदेशातले आहेत, आणि कळव्याची चाळ म्हणजे तिथले उपनगर नव्हे, हे मला मान्य आहे. तरी या वयाच्या मुलाचा हात किती धरायचा हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

आपल्याकडे तर फोनच्या रस्त्याने एक अन्यायही आत आला आहे. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो, आणि तो वडिलांसोबत किंवा आईसोबत कामावर जातो. दुपारी घरी आलेल्या मुलाला आज काय करायचे हे रात्री आठनंतर, फोन घरी आल्यावर कळते. त्याच्यापुढे मोकळी दुपार होती आणि काम मात्र बंद फोनमध्ये अडकलेले. ज्या घरी आई दिवसभर असते आणि तिच्या हाती स्वतःचा फोन असतो, तिथल्या मुलाची वही त्याच रात्री पूर्ण होते. उद्या वर्गात दोघांच्या वह्यांची तुलना होते, आणि शिक्षकांच्या डोळ्यांना त्यात दिसतो तो आळस आणि मेहनत. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमाप्रमाणेही तेराव्या वर्षाआधी मुलाला स्वतःहून खाते उघडता येत नाही, म्हणजे सहावी-सातवीतल्या बहुतेक मुलांना त्या ग्रुपमध्ये जागाच नाही. ज्याचे काम त्यालाच जिथे प्रवेश नाही, तिथे ते काम सांगायचे कशाला? या ग्रुपमधली बहुतेक नावे आयांची असतात, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. दहा तासांनी कामावरून परतलेली बाई आधी निरोप वाचते, मग वह्या उघडते, मग पोळ्या लाटते. प्रकल्पाच्या नावाखाली स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रे आणून रात्री अकराला कोण चिकटवत बसते, ते साऱ्या शिक्षकांना माहीत आहे.

आता जे कळायला हवे आणि कळत नाही, त्याकडे येतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची परीक्षा, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात, आठवीच्या मुलांसाठी असते. ती आपल्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित खासगी शाळांतल्या मुलांना ती देता येत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. परीक्षेला बसायला सातवीत किमान 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत आहे. याचा अर्थ ही गोष्ट पालकांना सातवीच्या सुरुवातीलाच कळली पाहिजे. आठवीत फॉर्म निघाल्यावर कळून गेलेले गुण परत येत नाहीत, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून यायला वेळ लागतो. रिक्षा चालवणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या पालकासाठी 48,000 रुपये ही केवढी रक्कम आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. तरी हा निरोप पोहोचलाच तर फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात, पीटीच्या गणवेशाच्या दोन निरोपांमध्ये.

दुसरी बाब अधिक कठोर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 खाली खासगी शाळांत 25 टक्के जागांवर जी मुले पहिलीत किंवा त्याआधी दाखल होतात, त्यांचे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असते. नववीच्या दारात शाळा पूर्ण फी मागते, आणि ती मागणे तिला कायद्याने शक्य आहे. सात-आठ वर्षे एका शाळेत रुळलेल्या मुलाला त्या दारातून माघारी फिरावे लागणे, हे कुठल्याही घराला अचानक सोसवत नाही. सहावीतच त्या पालकांना लेखी कळले, तर फीसाठी पैसे साठवायचे, की जवळच्या अनुदानित शाळेत वेळेवर प्रवेश घ्यायचा, याचा विचार करायला तीन वर्षे मिळतात. मुलाशी बोलायलाही तीन वर्षे मिळतात, आणि तेही तितकेच महत्त्वाचे आहे.

याच रांगेत आठवीची वार्षिक परीक्षा येते. मे 2023 मधील नियमबदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घेतली जाते, आणि तीतही ते अनुत्तीर्ण झाले तर त्याच वर्गात राहते. मूल कुठल्या विषयात, किती मागे आहे, हे पालकांना मार्चमध्ये नव्हे, दिवाळीपूर्वी कळायला हवे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. खासगी शाळांसाठी 2011 चा फी विनियमन कायदा पालक-शिक्षक संघ सांगतो, त्याच्या कार्यकारी समितीत पालक सोडतीने निवडायला लावतो आणि फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवायला लावतो. शालेय बसच्या 2011 च्या नियमांत परिवहन समिती आहे. हे सारे पालकांचे अधिकार आहेत. रोज पंधरा निरोप मिळणाऱ्या पालकाला आपण अगदी जवळून सहभागी आहोत असे वाटत राहते, आणि शाळेचा विकास आराखडा कधी ठरला, सोडत कोणत्या तारखेला झाली, हे विचारायचे राहून जाते. सहभागाच्या या आभासाची मला सर्वांत जास्त चिंता वाटते.

यावर पहिला आक्षेप अभ्यासूंकडूनच येईल. पालकांना माहिती दिल्याने निकाल सुधारतात, असे दाखवणारे भक्कम प्रयोगही आहेत. पीटर बर्गमन आणि एरिक चॅन यांनी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 22 शाळांत, माध्यमिक आणि त्याखालच्या वर्गांत, पालकांना आपोआप जाणारे मजकूर संदेश पाठवून पाहिले. नापास होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक घटले आणि तासांना हजेरी वाढली. हा प्रयोग मला मोलाचा वाटतो आणि माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा वाटत नाही, कारण त्या संदेशांत काय होते ते पाहायला हवे. मूल तासांना गैरहजर राहिले, काम देऊन झाले नाही, गुण घसरले, अशी ठरावीक मुदतीने दिलेली खबर त्यांत होती. उद्या काय करायचे याची यादी नव्हती. काम सांगितले गेले होते मुलाला. पालकाला कळले ते काम झाले नाही एवढेच. तिथून पुढे घरात बोलणे सुरू होते, आणि ते बोलणे मुलाच्या जबाबदारीबद्दलचे असते. आजच्या आपल्या ग्रुपवर याच्या अगदी उलट चालते: काम करण्याआधीच आईला कळते, आणि ते सलग दोन महिने झालेले नाही ही गोष्ट तिला पालकसभेत, चार जणांसमोर कळते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो ठाणे जिल्ह्यात कुणीही हलक्याने घेऊ नये. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर जे गुदरले, त्यानंतर 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी यांबाबत आदेश काढला. त्याआधी मार्च 2022 मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा निर्णय झालेलाच होता. मूल शाळेत पोहोचले नाही, बस बंद पडली, पावसामुळे सुट्टी जाहीर झाली, शाळेत काही अनुचित घडले, तर पालकाला त्या क्षणी कळलेच पाहिजे; ते मुलामार्फत नको, थेट हवे. पण याच कारणासाठी तो मार्ग मोकळा ठेवायला हवा. दिवसाला पंधरा निरोप येणाऱ्या ग्रुपचा आवाज लोक बंद करून ठेवतात. सकाळी साडेसहाला आलेला पावसाच्या सुट्टीचा निरोप मग दिसत नाही, आणि विटाव्याच्या भुयारी रस्त्यापाशी पाण्यातून वाट काढत मूल बंद फाटकापर्यंत जाऊन येते. तातडीचा मार्ग केवळ तातडीसाठी असावा. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज वर्गात काय घडले हे आईला फोनवरून आधीच कळत असेल, तर मुलाला सांगण्यासारखे काही उरत नाही. ज्या मुलाला रोज स्वतः येऊन सांगायची सवय आहे, स्वतः शिक्षकांना विचारायची सवय आहे, त्याला एखादी वाईट गोष्ट सांगायलाही तोंड उघडण्याची शक्यता अधिक. तक्रारपेटी भिंतीवर लावून भागत नाही. तिच्यात चिठ्ठी टाकणारे मूलही शाळेनेच घडवायचे असते.

मुले विसरतील, लपवतील, खोटे सांगतील, हेही खरे. काही आठवडे वह्या अपुऱ्या राहतील आणि काही पालक शाळेत येऊन विचारतील की फोनवर का नाही सांगितले. म्हणूनच मी पालकांना अंधारात ठेवायला सांगत नाही. महिन्यातून एकदा, दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद घरी जावा. त्यात मुलाची हजेरी, कोणत्या विषयाचे किती काम अपुरे आहे, पुढच्या दोन महिन्यांतल्या परीक्षा, शिष्यवृत्ती, दाखले आणि सभांच्या तारखा असाव्यात. त्याच कागदावर एक जागा मुलासाठी राखावी: या महिन्यात मला काय जमले, काय जमले नाही, कोणाची मदत हवी. कागद मुलाने स्वतः घरी वाचून दाखवावा आणि पालकाची सही किंवा अंगठा घेऊन परत आणावा. एखाद्या मुलाचे काम सलग राहत असेल तर वर्गशिक्षकांनी महिन्याची वाट न पाहता पालकांना बोलवावे. ज्या मुलांना अध्ययन अक्षमता आहे, अपंगत्व आहे किंवा औषधोपचार चालू आहेत, त्यांच्या घराशी रोजचा संपर्क लागतोच. तो ठेवावा, आणि त्यांच्या पालकांशी ठरवून ठेवावा.

शिकलेले पालक सांभाळून घेतील, पण ज्यांना वाचताच येत नाही त्यांचे काय, असे विचारणारे बहुधा त्यांच्याच काळजीने विचारतात. पण आजची पद्धत त्यांच्यासाठीच सर्वांत वाईट आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी, हस्ताक्षराचे धूसर फोटो, दोन ओळींचे तुटक निरोप, हे सराईत वाचकालाही कष्टाने लागते. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इतर माध्यमांतही चालतात. महिन्याचा कागद त्या त्या भाषेत, ठळक अक्षरांत छापला आणि मुलाने वाचून दाखवला, तर न शिकलेल्या आईपर्यंतही तो पूर्ण पोहोचतो. मुलाकडून ऐकताना तिला एक प्रश्न विचारता येतो, जो फोनला विचारता येत नाही. आणि हिल-टायसन यांच्या अभ्यासात जे सर्वांत उपयोगी ठरले, त्या बोलण्याला शिक्षणाची अट नाही. तू पुढे काय करणार, त्यासाठी काय लागेल, हे अंगठा उठवणारी आईही विचारू शकते, आणि कळव्यात अनेक घरांत विचारतेच.

शिक्षकांच्या कामाबद्दल थोडक्यात. मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, निरनिराळी ॲप, मुलांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकाची संमतिपत्रे यांनी ते आधीच गांजलेले आहेत, त्यात महिन्याचा कागद कशाला, असे म्हटले जाईल. पण रोज रात्री दहापर्यंत ग्रुपवर उत्तरे देणे थांबले की त्यांचा वेळ वाढणार आहे. गृहपाठ फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा, शेवटच्या दोन मिनिटांत शेजाऱ्याशी ताडून पाहायचा. हे आपल्या शाळांत पूर्वी सर्रास होते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पालकसभेची वेळ आणि रीतही बदलायला हवी. शनिवारी सकाळी अकराला ठेवलेल्या सभेला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यातला कामगार येऊ शकत नाही, आणि न येण्याची नोंद त्याच्या अनास्थेखाली होते. सत्रातून एकदा रविवारी सभा घ्या, आणि सभेत मुलाला बोलू द्या. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ज्या समग्र प्रगती पत्रकाचा आग्रह धरला, त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापनही आहे, आणि ते पत्रक घर व शाळा यांना जोडणारा दुवा असेल असे धोरणात म्हटले आहे. तो दुवा जोडायची जागा सभा हीच. पाच मिनिटे मूल आपली वही उघडून आईवडिलांना आणि बाईंना सांगेल की गणितात अपूर्णांक कळतात, शेकडेवारी अडते. मग मोठ्यांनी बोलावे. आज मूल बाहेर उभे असते आणि आत त्याच्याविषयी बोलले जाते. बाहेर येणाऱ्या चेहऱ्यावरून त्याने निकाल ओळखायचा. याने त्याला स्वतःच्या शिक्षणात पाहुण्याची जागा मिळते.

एवढे या मुलांना झेपेल का, ही शंका कुणी घेतली तर उत्तर याच शहरात आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून भरते. तीत 10 ते 17 वर्षांची मुले गट करून आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न निवडतात, घरोघर जाऊन पाहणी करतात, मोजतात आणि परीक्षकांपुढे उभे राहून मांडतात. ठाण्यातल्या जिज्ञासा ट्रस्टने महाराष्ट्रात या उपक्रमाचे काम अनेक वर्षे वाहिले आहे. सहावी-सातवीतली मुले नाल्याच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यावर प्रश्नांना उत्तरे देतात, तेव्हा त्यांच्या पालकांना कुणी रोजचा निरोप पाठवत नाही. अशा मुलांची संख्या थोडी आहे हे खरे. पण ती वेगळ्या मातीची नाहीत. त्यांच्यावर कुणीतरी काम सोपवले आणि मध्ये लुडबुड केली नाही, इतकाच फरक.

तेव्हा मागणी स्पष्ट करतो. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिक्षण विभागाने एक परिपत्रक काढावे. कळवा प्रभागातल्या महापालिकेच्या शाळांत, सहावी ते आठवीसाठी, वर्षभर हे करून पाहावे: गृहपाठ ग्रुपवर नाही, फळ्यावर आणि मुलाच्या रोजनिशीत, पालकांचा ग्रुप केवळ तातडीच्या निरोपांसाठी आणि त्यावर फक्त शाळेला लिहिता यावे, महिन्याचा कागद घराच्या भाषेत, सातवीच्या पहिल्या सभेत एनएमएमएसची पूर्ण माहिती आणि दाखल्यांसाठी शाळेतच एक दिवसाचे शिबिर, सत्रातून एक रविवार पालकसभेला, मुलांसह, आणि त्या रविवारच्या बदल्यात शिक्षकांना बदली रजा. 25 टक्क्यांच्या जागांवर शिकणाऱ्या सहावीच्या प्रत्येक मुलाच्या पालकांना नववीच्या फीबद्दल लेखी कळवण्याची सूचना शहरातल्या खासगी शाळांनाही द्यावी. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आढावा घेताना तो मुख्याध्यापकांच्या अहवालावर न थांबवता मुलांना आणि पालकांना वेगवेगळे विचारावे: काय कळले, काय कळायचे राहिले, काय स्वतः करता आले. त्या उत्तरांचा गोषवारा प्रत्येक शाळेच्या फलकावर आणि कळवा प्रभाग समितीच्या कार्यालयात लावावा, म्हणजे दुसऱ्या सत्रात काय बदलायचे ते आम्हा नागरिकांनाही आपल्याशी समोरासमोर बोलता येईल.

आपला,
एक कळवेकर नागरिक